हयातीच्या नावावरचं घर

कंपनीच्या मंदूबला मुबीन करजीकरच्या पासपोर्टची प्रत हवी होती. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीचे कागद फिरवणारा माणूस. त्याने फोनवर सांगितलं होतं, पहिलं पान आणि शेवटचं पान, एवढंच. म्हणून मंगळवारी सकाळी फरजाना पासपोर्ट घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. शेवटचं पान शोधताना मधलं एक पान उघडलं आणि तिचा हात थांबला.

शिक्का इंडोनेशियाचा होता. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. आत गेल्याचा एक, बाहेर पडल्याचा एक, मध्ये सहा दिवस.

गेल्या नोव्हेंबरात मुबीन दोहाला गेला होता. निदान तिला तरी त्याने तसंच सांगितलं होतं. कंपनीचं कसलं तरी ट्रेनिंग. येताना खजुराचा डबा आणला होता, आणि 'दोहात फार उकाडा' असंही म्हणाला होता. नोव्हेंबरात दोहाला उकाडा कुठला, हे तिच्या तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने सांगितलेल्या हवामानावर कोण शंका घेतं?

कुवेतमधल्या खैतानच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आतल्या खाटेवर मुबीन पडून होता. चोवीस दिवसांपूर्वी कार्गोच्या दुकानात खोक्याला चिकटपट्टी लावता लावता तो कोसळला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. अगदी पूर्ण गेली असंही नाही. एक शब्द उरला होता, 'बघू'. जन्मभर त्याने प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर दिलं होतं, आणि आता पाणी हवं असलं तरी 'बघू', दुखत असलं तरी 'बघू'.

फरजाना पासपोर्ट घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"अवो, तुमी इंडोनेशियाला गेला होता?"

मुबीनने शिक्का पाहिला आणि त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी घरंगळलं. "बघू," तो म्हणाला. मग घाईघाईने, "बघू, बघू, बघू."

तिने त्याचा लुळा उजवा हात उचलला आणि अंगठा त्याच्याच फोनवर टेकवला. असं करताना तिला मेलेल्या माणसाचा अंगठा उठवल्यासारखं वाटलं, पण ती थांबली नाही. फोन उघडला. फोटोंत हिरवागार डोंगरउतार होता, खाली समुद्र, नारळीची झाडं, अर्धवट भिंती. पुढच्या फोटोत भिंती वर आलेल्या. त्यापुढच्यात लाल कौलं. प्रत्येक फोटो एकाच नंबरावरून आलेला, आणि त्या नंबराला नाव होतं 'हयाती'. सोबत बोललेले निरोप होते, अरबीत, बाईच्या आवाजात. घरोघरी अबाया शिवून देता देता फरजानाला कामापुरती अरबी येऊ लागली होती. तिने एक निरोप लावला.

"बाबा मुबीन, छप्पर झालं. आई रोज तुझी खोली झाडते. कधी येतोस?" इथे थोरामोठ्या पुरुषाला कुणीही बाबा म्हणतं, त्यावरून काही कळत नव्हतं.

फरजाना खाटेच्या कडेवर बसली.

"ही तुमची बायको हाय?"

मुबीनने मान हलवली. होय.

मग तिला दवाखान्यातली, बोलण्याचे व्यायाम घेणारी बाई आठवली. ती म्हणाली होती, इतक्यात यांच्या हो-नाहीवर भरवसा ठेवू नका, मनात एक असतं आणि मान दुसरंच सांगते. फरजानाने प्रश्न उलटा केला.

"ही तुमची बायको नाय?"

मुबीनने पुन्हा मान हलवली. होय. आणि तो लहान मुलासारखा हमसून रडू लागला, कारण आपण काय सांगतोय हे त्यालाही कळलं असावं.

तेवढ्यात फोन थरथरला. हयातीचा नवा निरोप होता. "बाबा, फोन का उचलत नाहीस? गुरुवारी रात्रीचं माझं विमान आहे, कायमची जातेय. त्याआधी कागद घेऊन ये. नाही आलास तर मग मी काही करू शकणार नाही. माझा भाऊ घर विकायला निघालाय."

मंगळवारचे अकरा वाजले होते.

बारा वर्षांपूर्वी पनवेलजवळच्या एका इमारतीत मुबीनने फ्लॅट घेतला होता. फरजानाच्या बांगड्या आणि तिच्या श्रीवर्धनच्या वडिलांकडून आलेलं सगळं त्यात गेलं. इमारत जोत्याच्या वर आली नाही आणि बिल्डर दिसेनासा झाला. त्या दिवशी फरजानाने त्याला शपथ घातली होती, की ह्या घरात जागाजमिनीचं नाव पुन्हा काढायचं नाही. त्याने खरोखरच नाव काढलं नव्हतं. गुपचूप घर मात्र बांधलं होतं, कुठल्या तरी बेटावर, कुठल्या तरी बाईसाठी.

मुलगी बुशरा कॉलेजातून आल्यावर तिला अब्बांजवळ बसवून फरजाना झहूरकडे गेली. झहूर मुबीनचा दुकानातला जोडीदार, म्हसळ्याकडचाच. ती आत शिरताच त्याने तिच्या हातातला फोन पाहिला आणि खुर्ची पुढे केली.

"कळला ना तुमाला," तो म्हणाला.

"तुमाला ठाव होता?"

"जमिनीचा ठाव होता." झहूर नजर चुकवत बोलू लागला. ही हयाती, म्हणजे नुरहयाती, चौदा वर्षं त्यांच्या दुकानातून गावाला खोकी पाठवायची. अबू हलीफा भागातल्या एका कुवेती घरात स्वयंपाकीण. तिचं गाव लोंबोक नावाच्या बेटावर, लेंदांग. ती फोटो दाखवायची आणि मुबीन वेडा व्हायचा. तोच समुद्र, त्याच नारळी, तीच लाल माती, जवळ मशीद, आणि जागा आपल्याकडच्या चौथाई भावात. "म्हणायचा, झहूर, हितं तीस वर्षं ऱ्हायलो पण खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावा लागतो. आणि गावच्या घरात भावांच्या पोरांनी खोल्या धरल्यान. मग जायचा कुठं?"

"मग घर तिच्या नावावर का?"

"परदेशी माणसाला तिकडं जमिनीची मालकी मिळत नाय, भाभी. तिथल्याच कुणाच्या तरी नावावर घ्यावी लागते. दोघांनी आपसात एक कागद केलाय, पण कोर्टात त्याची किंमत शून्य. उद्या ती म्हणाली घर माझा, तर घर तिचा."

फरजानाने मग तेही विचारलं. "निकाह केलाय?"

झहूरने पंख्याकडे पाहिलं. "मी इचारलं नाय."

हे उत्तर 'हो' पेक्षा वाईट होतं.

झहूर खुर्ची ओढून जवळ आला. "माझा ऐका. ती गुरुवारी एकदा उडाली की तुमच्या हातात काय नाय. मुबीनचा हितं ऱ्हायचा इकामा महिन्या-दोन महिन्यात संपणार, तुमाला हितून निघावाच लागणार. तिला थांबवायचा एकच रस्ता हाय. मखफरला तक्रार टाकायची. माझ्या नवऱ्याचे पैसे आणि माझे दागिने घेऊन पळतेय म्हणून. विमानतळावर तिला अडवतील. मग तुमी सांगाल तिथं सही करेल."

मखफर म्हणजे पोलीसठाणं. कुवेतमध्ये घरकामाच्या बाईवर अशी तक्रार झाली की काय होतं, हे फरजानाला ठाऊक होतं. तिने अशा गोष्टी अबायाची मापं घेताना ऐकल्या होत्या, घरमालकिणी त्या सहज सांगायच्या.

"दागिने तिनं कुठं घेतलेन?" ती म्हणाली.

"तिनं नाय, पण तुमच्या नवऱ्यानं घेतलेन ना?"

त्या वाक्यावर ती ताडकन उठली आणि रागाच्या भरात झहूरसोबत कोपऱ्यावरच्या टायपिंग सेंटरला गेली. टाईप करणाऱ्याने मान वरही न करता दहा मिनिटांत अरबीत तक्रार उतरवली. फरजानाने खाली सही केली. झहूरने कागद घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला.

"आधी मी तिला बघणार," फरजाना म्हणाली. "मग ठरवू."

बुधवारी दुपारी झहूरने तिला गाडीने अबू हलीफाला सोडलं. समुद्रापासून दोन गल्ल्या आत ते घर होतं. दार सताड उघडं, अंगणात गुंडाळलेले गालिचे, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या. घरची म्हातारी मालकीण महिन्यापूर्वी वारली होती आणि मुलं घर रिकामं करत होती. मागच्या दाराशी एक बाई भांडी वर्तमानपत्रात बांधत होती. चाळिशीची, उंच, तुकतुकीत कांतीची. डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधलेला. फरजानाने मनात म्हातारी बाई रंगवली होती, कारण तशी असावी असं तिला वाटत होतं. ही तशी नव्हती.

"हयाती?"

बाई उठून उभी राहिली. तिने फरजानाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि, हे फरजानाला मुळीच आवडलं नाही, ती हसली.

"तू फरजाना. बाबा मुबीन कुठे आहे? तो का नाही आला?"

दोघी अरबीतच बोलत होत्या, दोघींचीही मोडकी.

"तो आजारी आहे. डोक्यात रक्ताची गाठ. बोलता येत नाही, चालता येत नाही."

हयातीच्या हातातली कढई खाली आली. ती जिथे उभी होती तिथेच फरशीवर बसली, आणि तिचा पहिला प्रश्न होता, "जेवता येतं का त्याला?"

तो प्रश्न फरजानाला बोचला. असा प्रश्न कोण विचारतं? ओळखीचं गिऱ्हाईक विचारतं? की बायको विचारते?

"मी एक विचारते, खरं सांग," ती म्हणाली. "तुझा आणि त्याचा निकाह झालाय?"

हयाती रागावली नाही, हसलीही नाही. "माझ्या भावाने सुचवलं होतं," ती सावकाश म्हणाली. "सहा दिवस आमच्या घरी परका माणूस, गावात लोक बोलायला लागले. भाऊ म्हणाला, निकाह करून टाका, जमीनही घरात राहील. बाबा मुबीनने ऐकलं आणि उठून मशिदीत झोपायला गेला. उरलेल्या चार रात्री तो मशिदीत झोपला. डासांनी फोडून काढलं त्याला."

"हे मी खरं कशावरून मानू?"

हयातीने फोन काढला, बोटाने बराच वेळ वर सरकवत राहिली, आणि एक व्हिडिओ लावून तिच्या हातात दिला.

अर्धवट भिंतींच्या खोलीत दोन गवंडी उभे होते आणि त्यांच्यासमोर मुबीन, अंगात तिनेच शिवलेला करडा शर्ट. तो हातवारे करत होता आणि त्या गवंड्यांशी चक्क आपल्या कोकणी बोलीत भांडत होता. "अरे बाबांनो, एवढा उंच ओटा कुणासाठी? माझी बायको एवढीशी हाय." त्याने छातीपाशी आडवा हात धरला. "हितपर्यंत. ओटा हितं पायजे. उंच केलात तर ती स्टुलावर चढून मला शिव्या देईल, तुमाला नाय." गवंडी खो खो हसत होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. मुबीनही हसत होता. "पाड तो, पाड. परत बांध."

व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा होता. फरजानाने तो तीनदा लावला. चोवीस, नाही, आता पंचवीस दिवस तिने हा आवाज ऐकला नव्हता, आणि तो पुन्हा ऐकू येईल याची खात्री डॉक्टर देत नव्हते. तिने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं, कारण परक्या घराच्या मागच्या दारी तिला मोठ्याने रडायचं नव्हतं. हयाती मुकाट्याने भांडी बांधत राहिली.

नंतर तिने उरलेलं सांगितलं. लोंबोकच्या वकिलाने एक कागद तयार करून मुबीनच्या फोनवर पाठवला होता. जमीन हयातीची, पण घर पंचवीस वर्षांच्या भाडेकरारावर, आगाऊ भाडं मिळालेलं. असा करार परदेशी माणसालाही करता येतो, तो तिकडे टिकतो. करारात नाव फरजानाचं होतं. "तो म्हणाला, मी वयाने मोठा, आधी मी जाणार. तिच्याच नावाने कर. तुला सांगायला तो हिंमत गोळा करत होता. ईदला सांगतो म्हणाला, मग रमजान गेला, ईद गेली."

"करार झाला तर तुझा भाऊ विकू शकणार नाही?"

"करार झाला तर मी त्याला तो दाखवेन. नाही झाला तर..." हयातीने हात चोळले. "मी तुला खोटं सांगणार नाही. मला त्यानेच वाढवलं. तो समोर बसून मागायला लागला की मी देऊन टाकते. एकोणीस वर्षांचा पगार असाच दिला. लाटांवर खेळायला येणाऱ्या गोऱ्या लोकांसाठी बंगले बांधणारा एक माणूस त्याच्या मागे लागलाय. कागदाशिवाय मी फार दिवस टिकणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला इंडोनेशियाच्या दूतावासात भेटायचं ठरलं. तिथल्या अधिकाऱ्यासमोर सह्या होणार होत्या. खिडकी बाराला बंद होते.

परतीच्या वाटेवर फरजानाने झहूरला सगळं सांगितलं. "तो कागद फाडून टाका," ती म्हणाली.

"उद्या सही झाली की फाडू," झहूर म्हणाला. "माणूस बोलतो आणि माणूस करतो यात फरक असतो, भाभी. राहू दे माझ्याजवळ."

तिने आग्रह धरला नाही. धरायला हवा होता, हे तिला तेव्हाही कळत होतं.

गुरुवारी पावणेनऊपासून ती दूतावासाच्या आवारात बाकावर बसली. सोबत वकिलाचा कागद, छापून आणलेला, दोन प्रती. नऊ वाजले, साडेनऊ झाले. गेटमधून बायका येत होत्या, रुमाल बांधलेल्या, आणि प्रत्येकीकडे बघून फरजानाची मान वर व्हायची. दहाला तिने फोन लावला. बंद. सव्वादहाला पुन्हा बंद. साडेदहाला तिने मनातल्या मनात हिशेब मांडला, की अबू हलीफाहून टॅक्सीने इथे यायला फार तर पाऊण तास. मग तिला आदल्या दिवशीचं ते हसू आठवलं. 'तू फरजाना.' कुणाचं हसू होतं ते? व्हिडिओ खरा होता, पण व्हिडिओतला माणूस आता बोलत नव्हता, आणि बोलू न शकणाऱ्या माणसाच्या घराचं कोण काय करेल?

अकरा वाजता झहूर आत आला. उन्हातून आल्यामुळे त्याचा चेहरा तापला होता. "आली नाय ना? फोन बंद? मी काय म्हणालो होतो?"

"अजून तास हाय."

"आज गुरुवार. उद्यापासून दोन दिवस सगळा बंद. आत्ता तक्रार नाय टाकली तर तिचं विमान गेलं. घरी आजारी माणूस हाय, शिकणारी पोर हाय. महिन्याभराने मुबीनला घेऊन कुठं जाणार? दिराच्या पडवीत?"

फरजानाच्या डोळ्यांसमोर ती पडवी आली, तिथे मोटारसायकल आणि खताच्या गोण्या असतात. झहूर वाट बघत उभा होता. सव्वाअकरा झाले. अकरा वीस झाले.

"जाऊ?"

तिने मान हलवली. होय.

झहूर गेला. त्याची गाडी वळल्याचा आवाज आला तेव्हा तिला उठून ओरडावंसं वाटलं, पण ती उठली नाही.

पावणेबाराला गेटवर गडबड झाली. पहारेकऱ्याशी कुणीतरी हुज्जत घालत होतं. मग हयाती आत आली, जवळजवळ पळत. कपडे घामाने चिकटलेले, पायात घरातल्या सपाता, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी. "त्यांनी फोन घेतला," ती धापा टाकत म्हणाली. "मालकिणीच्या मुलाने. पासपोर्ट आणि फोन विमानतळावर देतो म्हणाला. बाहेर सोडत नव्हते. कचरा टाकायला म्हणून निघाले आणि बस पकडली. दोन बस." तिने पिशवीतून तिचं इंडोनेशियाचं जुनं ओळखपत्र काढलं. "हे चालेल. मी विचारून ठेवलंय. चल."

फरजाना उभी राहिली. तिने फोन काढला. झहूरचा फोन लागत होता पण तो उचलत नव्हता. पुन्हा लावला. गुंतलेला. हयाती खिडकीशी पोचून मागे वळून तिला हाका मारत होती. तिसऱ्यांदा झहूरने उचलला.

"झहूरभाई, कुठं हाव?"

"मखफरमध्ये. माझ्याम्होरं एकच माणूस हाय."

"परत या. ती आली. मखफरमधून बाहेर या, आत्ता. तो कागद फाडा."

"अवो पण—"

"फाडा म्हणते ना! मी सही केलेय, मीच सांगते, फाडा!" ती एवढ्या मोठ्याने बोलली की आवारातल्या बायका वळून बघू लागल्या. पलीकडून कागद फाटल्याचा आवाज आला, किंवा तिला तसं वाटलं. "फाडला," झहूर म्हणाला. "बाहेर आलो."

ती खिडकीशी गेली. हयातीच्या हातात पेन होतं, पण तिने सही केली नव्हती. ती फरजानाकडे बघत होती. बाकीचं बोलणं तिला कळलं नव्हतं, पण मखफर हा शब्द अरबी आहे.

"मखफरमध्ये कोण आहे?" तिने विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. शेजारी कुणाची तरी गाडी धडकली, कुणाचा तरी इकामा हरवला. फरजानाने तोंड उघडलंही तसंच काहीतरी सांगायला. पण ह्या बाईच्या पायात सपाता होत्या.

"तुझ्यावर तक्रार टाकायला माणूस पाठवला होता," ती म्हणाली. "चोरीची. खोटी. मी सही केली होती. आता परत बोलावलाय."

हयातीने पेन खाली ठेवलं. "आमच्या शेजारच्या घरात सुमी होती," ती हळू म्हणाली. "एका हारासाठी आठ महिने आत होती. हार नंतर कपाटामागे सापडला."

खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने घड्याळ दाखवून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. दहा मिनिटं उरली असावीत. हयाती कागदाकडे बघत होती. फरजानाला वाटलं, आता ही वळेल आणि जाईल, आणि गेली तर तिला थांबवायचा मला कसलाही हक्क नाही. माफी मागावी असं वाटलं, पण ह्या घडीला माफीसुद्धा सही मिळवायला मागितल्यासारखी झाली असती.

"मला एक ओळ वाढवायची आहे," हयाती म्हणाली. "मागची खोली माझी. मी जिवंत आहे तोवर. तू, तुझी मुलगी, कुणीही मला तिथून काढायचं नाही. माझा भाऊ पैशाशिवाय मला घरात घेणार नाही, आणि आता माझ्याकडे पगार नाही. आणि..." ती थांबली. "आणि कागदावर लिहिलेलंच चालेल. तोंडी नको."

मंगळवारी सकाळी फरजाना ज्या विचाराने खाटेवर बसली होती, तो हाच होता, ही बाई आणि आपण एका छपराखाली. आता तो तिच्यासमोर कागदावर यायचा होता, आणि तो आणणाऱ्या बाईचं म्हणणं रास्त होतं.

"लिही," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने दोन्ही प्रतींवर हाताने ओळ लिहिली. दोघींनी तिच्यापुढे आद्याक्षरं टाकली, मग खाली पूर्ण सह्या केल्या. शिक्का बसला तेव्हा बाराला दोन मिनिटं कमी होती. बाहेर पडल्यावर हयाती बस स्टॉपकडे चालू लागली. झहूरची गाडी आली होती. फरजानाने तिला गाडीत बसायला सांगितलं, तर तिने नकार दिला. मग फरजानानेही गाडी सोडली आणि ती तिच्यासोबत बसने अबू हलीफापर्यंत गेली. दोन्ही बसमध्ये दोघी शेजारी बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी हयाती म्हणाली, "त्याला तांदळाची पेज दे. पातळ नको, गिळताना ठसका लागतो. माझ्या मालकिणीला लागायचा." आणि ती आत गेली.

त्या संध्याकाळी फरजानाने मुबीनच्या उशाशी बसून त्याला सगळं सांगितलं. मशिदीतल्या डासांचं सांगताना ती त्याला खूप बोललीही. तीस वर्षांत बोलली नव्हती इतकं. खोटं बोलून गेल्याचं, ईद उलटून गेल्याचं, एकट्याने ठरवल्याचं. तो ऐकत राहिला आणि त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरून ठेवलं.

पुढचे दोन महिने सोपे गेले नाहीत. हयातीच्या भावाने गावच्या प्रमुखाकडे तक्रार केली, दोन बैठका झाल्या, दोन्हींत हयाती करार घेऊन बसली. एकदा रात्री कुणीतरी कौलं फोडली. तेव्हापासून ती मागच्या खोलीत राहायलाच गेली. ह्या सगळ्याचे निरोप येत, छोटे आणि कोरडे, पण येत. फरजानाच्या दिराने फोन करून विचारलं, परमुलखात जाऊन मरायचंय का. बुशराने पुण्याला प्रवेश घेतला आणि आईला म्हणाली, "अम्मी, आर यू शुअर?" फरजानाने खरं ते सांगितलं, की नाही, मुळीच नाही. साठ दिवसांच्या व्हिसावर जाऊन बघायचं. मुबीनला तिथे झेपलं तर पुढचे कागद करायचे, नाही झेपलं तर पडवी आहेच.

ऑगस्टमध्ये ती कार्गोच्या दुकानात तीन खोकी घेऊन गेली. एकात शिलाई मशीन, एकात भांडी, एकात कपडे आणि मुबीनची औषधं. झहूरने वजन केलं आणि फॉर्म भरायला घेतला.

"घेणाऱ्याचं नाव?"

"नुरहयाती. लेंदांग."

"नातं?" झहूरने विचारलं. फॉर्मवर तसा रकाना होता. त्याने पेन धरून वर पाहिलं.

फरजानाने मशीनच्या खोक्यावर हात ठेवला.

"घरमालकीण," ती म्हणाली. "लिहा. आणि मशीन आडवी ठेवू नका, तेल सांडतं."